लिस्टनच्या टेबलावरचा दुसरा रुग्ण : रुतलेल्या नखाचा इतिहास

(थ्रेड) २१ डिसेंबर १८४६. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलातील शस्त्रक्रियागृहाच्या बाकांवर त्या दुपारी दाटी झाली होती. बोस्टन शहरात ईथर हुंगवून वेदनेविना शस्त्रक्रिया झाल्याची बातमी नुकतीच आगबोटीने येऊन पोहोचली होती आणि तिची प्रचिती घेण्यास डॉक्टर व विद्यार्थी जमले होते. टेबलावर फ्रेडरिक चर्चिल नावाचा एक बटलर होता. रॉबर्ट लिस्टन या ख्यातनाम शल्यविशारदाने अर्ध्या मिनिटाच्या आत त्याचा पाय मांडीतून कापून वेगळा केला. शुद्धीवर आल्यावर ‘आता सुरू कधी करणार?’ असे चर्चिलने विचारले, असे सांगतात.

ही कथा वैद्यकाच्या इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात असते. त्याच दिवशी त्याच टेबलावर आलेल्या दुसऱ्या रुग्णाची कथा मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्याच्या पायाच्या अंगठ्याचे नख दोन्ही कडांनी मांसात रुतले होते. लिस्टनने त्यालाही ईथर दिले आणि नखाच्या दोन्ही कडा उपटून काढल्या. त्या दिवशी एडिंबरोचे प्राध्यापक जेम्स मिलर यांना लिहिलेल्या पत्रात लिस्टनने या दोन्ही शस्त्रक्रियांचा एकत्रच उल्लेख केला. मांडी कापण्याबद्दल त्याने विशेष काही लिहिले नाही. नख उपटण्याबद्दल मात्र, शल्यकर्मातील अत्यंत वेदनादायी शस्त्रक्रियांपैकी ही एक, असा शेरा मारला.

हजारो अवयव कापलेल्या माणसाचा हा अभिप्राय आहे. ईथरची परीक्षा घ्यायची तर मांडीच्या जोडीला अंगठ्याचे नखच त्याला का घ्यावेसे वाटले, हे समजण्यासाठी त्यापूर्वीच्या दोन हजार वर्षांत या एवढ्याशा नखाने माणसांचे काय हाल केले ते पाहावे लागते.

आधी थोडी शरीररचना. नखाचा जो कठीण पत्रा दिसतो तो निर्जीव असतो. त्याची जिवंत जननी म्हणजे नखमूळ. ते कातडीखाली, नखाच्या मागच्या टोकाशी दडलेले असते. तेथून नख पुढे सरकत राहते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, तर पायाचे त्याच्या निम्म्यानेच. त्यामुळे अंगठ्याचे नख समूळ निघाले तर पूर्ववत व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते. नखाच्या दोन्ही बाजूंना मांसाची कड असते. नखाचा कोपरा, किंवा कापताना राहून गेलेला एखादा टोकदार काटा, या कडेत घुसला की शरीर त्याला कुसळासारखे परके मानते. आधी सूज व लाली, मग पू, आणि शेवटी नखावर चढणारे लाल, लिबलिबीत, सहज रक्त येणारे मांस, अशा क्रमाने दुखणे वाढते. १९३७ साली हाइफेट्झ या अमेरिकन शल्यविशारदाने या तीन पायऱ्यांची जी वर्गवारी केली ती आजही वापरात आहे. वैद्यकाने या व्याधीला ‘ओनिकोक्रिप्टोसिस’ असे भारदस्त ग्रीक नाव दिले आहे. त्याचा अर्थ एवढाच की नख लपले.

भारतीय परंपरेतील जवळचा उल्लेख सुश्रुतसंहितेत सापडतो. निदानस्थानातील क्षुद्ररोगांच्या अध्यायात ‘चिप्प’ नावाचा विकार येतो. वात आणि पित्त नखाच्या मांसाचा आश्रय घेऊन वेदना, दाह आणि पाक निर्माण करतात, असे त्याचे वर्णन आहे. ‘क्षुद्ररोग’ या शब्दाने फसू नये. क्षुद्र म्हणजे किरकोळ खरे, पण चिकित्सास्थानातील उपचार मुळीच किरकोळ नाहीत. नखावर कोमट पाण्याचा शेक द्यावा, दूषित भाग कापून स्राव वाहू द्यावा, तेल लावून राळेचे चूर्ण भुरभुरावे व पट्टी बांधावी. एवढ्याने भागले नाही तर अग्नीने डाग द्यावा आणि मधुर औषधांनी सिद्ध केलेल्या तेलाने जखम भरून आणावी. चिप्प म्हणजे तंतोतंत रुतलेले नख, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. नखाच्या कडेला पू होणारे सारेच विकार त्या नावात सामावतात. मराठीतील ‘नखुरडे’ या शब्दाचेही तसेच आहे. घरोघरी नखुरड्यावर लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसून ठेवण्याचा उपाय करत आले आहेत. तो हाताच्या बोटाला जमतो, पायाच्या अंगठ्याला लिंबू घालून चालणार कसे, हा प्रश्न उरतोच.

प्रतिबंधाकडेही त्या काळच्या वैद्यांचे लक्ष होते. चरकसंहितेतील सद्वृत्तात केस, दाढी व नखे पंधरवड्यातून तीनदा काढावीत असे सांगितले आहे. म्हणजे साधारण पाच दिवसांतून एकदा. पायाच्या नखाला एवढी घाई अनावश्यक होती, पण नियमितपणाचा आग्रह लक्षात घेण्याजोगा आहे. हे काम पुढे शतकानुशतके न्हाव्याच्या नराणीने केले.

भूमध्य समुद्राच्या काठी हाच विकार सातव्या शतकात एजिनाच्या पॉल या बायझंटाइन वैद्याने नोंदवला. अलेक्झांड्रियात काम केलेल्या या वैद्याच्या ग्रंथाचा सहावा भाग शस्त्रक्रियेला वाहिलेला आहे. नखावर चढणाऱ्या मांसाचे वर्णन त्यात आहे, आणि नखाचा कोपराच मांसाला टोचत असेल तर काय करावे हेही आहे. बारीक सळईने कोपरा उचलावा, तो कापून टाकावा आणि वाढलेले मांस दाहक औषधाने जाळावे. हा ग्रंथ अरबीत गेला. कॉर्डोव्हाजवळच्या अझ-झहरा नगरीत राहणाऱ्या अबुल कासिम अल-झहरावी याने (मृत्यू १०१३) आपल्या ‘अत-तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथात शेवटचा भाग शल्यकर्माला दिला. त्यात नखाखाली सळई घालून ते उचलण्याची आणि टोचले जाणारे मांस हलक्या हाताने कापण्याची रीत येते. बाराव्या शतकात टोलेडो येथे क्रेमोनाच्या जेरार्डने हा भाग लॅटिनमध्ये आणला आणि युरोपातील शल्यविशारद पुढची कित्येक शतके त्यावर पोसले गेले.

या जुन्या वर्णनांत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो पुढील सारा इतिहास व्यापतो. अपराधी कोण? नख, की मांस? नख मांसात घुसले म्हणून मांस सुजले, की मांस फुगून नखावर चढले म्हणून नख रुतले? उत्तर जे द्याल त्यावर कापायचे काय हे ठरते.

सोळाव्या शतकात आंब्रुआझ पारे (१५१०–१५९०) या फ्रेंच शल्यविशारदाने मांसाला दोषी धरले. न्हावी-शल्यकारांच्या पेढीतून वर आलेला हा माणूस नखावर वाढलेले मांस कापून टाकी. पादुआचा फाब्रिचिउस (१५३७–१६१९) याने अधिक सौम्य मार्ग शोधला. पिंजलेल्या सुताची लहानशी वात नख आणि मांस यांच्यामध्ये सारायची, दोहोंत अंतर पाडायचे, मग नखाची रुतलेली पट्टी उभी कापून चिमट्याने हळूच काढायची. एका दिवसात आटपत नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वेचा हा गुरू. अंगठ्याच्या नखापाशी इतक्या धीराने बसणारा शरीररचनाकार त्या काळात विरळाच.

धीर हा गुण ज्याच्यापाशी नव्हता तो माणूस म्हणजे बॅरन गियोम द्युपुइत्रां (१७७७–१८३५). १८१५ पासून तो पॅरिसच्या ओतेल-द्य या प्रचंड रुग्णालयाचा मुख्य शल्यविशारद होता. विलक्षण कुशल आणि विलक्षण कठोर. शल्यविशारदांत पहिला व माणसांत शेवटचा, असे त्याच्याविषयी त्याच्याच व्यवसायातले लोक म्हणत. हाताची बोटे आत वळवणाऱ्या विकाराला आजही त्याचे नाव आहे. रुतलेल्या नखाबाबत त्याचा निकाल स्पष्ट होता. अपराधी नख आहे, तेव्हा नखच काढा.

आधी काही दिवस पाय भिजवून व पोटीस बांधून सूज उतरवायची. मग धारदार सरळ कात्रीचे एक पाते नखाच्या मध्यभागी खाली घालायचे, एका झटक्यात मुळापर्यंत ढकलायचे आणि नखाचे उभे दोन तुकडे करायचे. त्यानंतर रुतलेल्या बाजूचा अर्धा तुकडा चिमट्यात पकडून गुंडाळत गुंडाळत उपटायचा. दोन्ही बाजू रुतल्या असतील तर दुसराही. मांस फार चढले असेल तर तापलेल्या लोखंडाने डाग. नखाखालची शय्या ही शरीरातील अत्यंत संवेदनशील जागांपैकी एक, आणि भूल अस्तित्वात नव्हती. नखाखाली काटे घालणे हा जगभर छळाचा प्रकार का मानला गेला, हे ध्यानात घेतले की द्युपुइत्रांच्या रुग्णांवर काय गुदरत असेल ते वेगळे सांगावे लागत नाही. काही क्षणांचे काम, असे समर्थन केले जाई. ते खोटेही नव्हते.

खरी अडचण वेगळीच होती. एवढे सोसूनही पुष्कळांना वर्ष-दीड वर्षाने तेच दुखणे पुन्हा होई. कारण सुरुवातीला पाहिले तेच. पत्रा उपटला तरी मूळ जागेवरच असते, आणि ते पूर्वीच्याच रुंदीचे नवे नख पाठवते. शिवाय मधल्या काळात नखाचा दाब नसल्याने अंगठ्याच्या टोकाचे मांस वर येते आणि नवे नख त्या बांधावर जाऊन आदळते. लिस्टनने ईथर दिले तेव्हा त्याने वेदनेचा प्रश्न सोडवला, पुनरावृत्तीचा तसाच राहिला. लिस्टन स्वतः पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८४७ मध्ये, वारला.

भूल आल्यावर शल्यविशारदांचे हात मोकळे झाले आणि त्याचा पहिला परिणाम असा की ते अधिक कापू लागले. अल्जीरियाच्या मोहिमांत अनुभव घेतलेला फ्रेंच लष्करी शल्यविशारद बोदां याने १८५० मध्ये नखाची कड मुळासकट काढण्याची सूचना केली. बर्नच्या कार्ल एमर्टने १८८४ मध्ये नखाची कड, तिच्याखालचे मूळ आणि बाजूचे मांस अशी आख्खी पाचर कापून काढण्याची पद्धत मांडली. जर्मन भाषक देशांत ती एमर्टच्या नावाने शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. हजारो लोक त्यानंतर विद्रूप अंगठा घेऊन हिंडले आणि आता तेथील तज्ज्ञच तिच्यापासून दूर राहा म्हणून सांगतात. १९२९ मध्ये विनोग्राड या अमेरिकन शल्यविशारदाने तिचीच नेटकी आवृत्ती प्रसिद्ध केली. १९५० मध्ये झाडिक याने तर संपूर्ण नखमूळच कापून नख कायमचे नाहीसे करण्याची पद्धत सांगितली. मूळ काढायला हवे, हे निदान बरोबर होते. परंतु सुरीने ते पूर्णपणे निघते की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. एखादा कण मागे राहिला की महिन्यांनी तेथून नखाचा काटा उगवतो, कधी कधी भलत्याच दिशेने.

मध्यंतरी भूलही बदलत गेली. एका अंगठ्यासाठी सगळा माणूस बेशुद्ध करणे धोक्याचे होते. १८६६ मध्ये बेंजामिन वॉर्ड रिचर्डसनने ईथरचा फवारा मारून कातडी गोठवण्याची युक्ती काढली. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने डोळा बधिर करण्यासाठी कोकेन वापरले आणि चार वर्षांनी हाले येथील माक्सिमिलियान ओबर्स्ट याने बोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना टोचून सबंध बोट बधिर करण्याची रीत आणली. त्याच्या नावाने ती आजही ओळखली जाते. औषध तेवढे बदलले, कोकेनच्या जागी स्वीडनमध्ये तयार झालेले लिडोकेन आले. आज नखाची शस्त्रक्रिया होताना रुग्ण हातातल्या मोबाइलकडे पाहत पडून राहतो, त्याचे श्रेय या सुयांना आहे.

आता पादत्राणांकडे वळू. कारण अपराध्यांच्या यादीत नख आणि मांस यांच्याबरोबर तिसरा संशयित होताच. द्युपुइत्रांनेही घट्ट बूट आणि नख गोलाकार, फार खोल कापण्याची सवय यांना दोष दिला होता.

सतराव्या आणि अठराव्या शतकात युरोपातील बहुसंख्य लोक जे बूट घालत त्यांत डावा-उजवा असा भेदच नव्हता. टाचेला उंची देण्याची पद्धत रूढ झाल्यावर प्रत्येक मापाला दोन उलटसुलट लाकडी साचे ठेवणे चांभारांना परवडेनासे झाले. एकच सरळ साचा, त्यावर बेतलेले दोन सारखे बूट. पायानेच बुटाला वळण द्यायचे. मानवी पायाचा आतला काठ बराचसा सरळ असतो आणि अंगठा पुढे नीट रोखलेला असतो. सरळ साच्याचा बूट मात्र मध्यभागी निमुळता होतो. म्हणजे अंगठ्याला शेजारच्या बोटांकडे ढकलल्याशिवाय पाय आत जातच नाही. नखाची एक कड शेजारच्या बोटावर दाबली जाते, दुसरी बुटाच्या चामड्यावर.

डच शरीररचनाकार पेट्रस कांपर (१७२२–१७८९) याने १७८१ मध्ये उत्तम बुटाच्या आकारावर एक प्रबंध लिहिला. कोणताही विषय, कितीही क्षुल्लक असो, शास्त्रीय रीतीने हाताळता येतो हे विद्यार्थ्यांना पटवण्याच्या गमतीतून तो जन्मला. घोडे-गुरांच्या खुरांची आणि नालांची काळजी घेणारी माणसे स्वतःच्या पायांचा विचार करीत नाहीत, ही त्याची तक्रार होती. पुढे झुरिकच्या हेरमान फोन मायर याने १८५८ च्या सुमारास ती तक्रार भूमितीत मांडली. अंगठ्याच्या लांबीमधून काढलेली रेघ मागे वाढवली तर ती टाचेच्या मध्यातून गेली पाहिजे. तत्कालीन कोणताही फॅशनेबल बूट या रेघेवर ठेवला की चूक उघडी पडे. आजही दुकानात बुटाचा तळवा पाहून ही कसोटी लावता येते, आणि फार थोडे बूट तिला उतरतात.

सुंदर दिसण्याच्या हौसेपुढे मायरची रेघ काय टिकणार! तिला खरा आश्रय दिला तो सैन्यांनी. लंगडणारा सैनिक म्हणजे रिकामी जागा, हे सेनापतींना कळत होते. अमेरिकन सैन्याने बुटांसाठी नेमलेल्या मंडळाने एडवर्ड लायमन मन्सन या लष्करी डॉक्टरच्या नेतृत्वाखाली सुमारे दोन हजार सैनिकांचे पाय अनेक वर्षे अभ्यासले, क्ष-किरण चित्रे घेतली आणि १९१२ मध्ये नवा साचा स्वीकारला. मन्सनचा साचा अंगठ्याकडे सरळ आणि बोटांपाशी रुंद होता. त्याहून महत्त्वाचा होता तो माप घेण्याचा नियम. सैनिकाच्या पाठीवर ४० पौंडांचे ओझे ठेवून, त्याला उभे करून माप घ्यायचे. बसलेल्या पायाचे माप आणि ओझे पेललेल्या पायाचे माप यांत फरक पडतो. बसल्या जागी बूट घालून पाहून विकत घेणाऱ्या आजच्या गिऱ्हाइकाला शंभर वर्षांपूर्वीच्या सैनिकाइतकीही दक्षता मिळत नाही.

शल्यविशारद आणि लष्कर यांच्याखेरीज या कथेत एक तिसरी जमात आहे, तिला इतिहासाने बराच काळ हसण्यावारी नेले. पायांची निगा राखणारे कारागीर. कुरूप कापणारे, नखे नीट करणारे हे लोक बाजारात फिरत आणि दरबारांतही असत. सोळाव्या लुईच्या पायांची काळजी घेणाऱ्या लाफोरेस्टने १७८० च्या दशकाच्या आरंभी या कलेवर पुस्तक लिहिले. १७८५ मध्ये लंडनच्या डेव्हिड लो याने ‘कायरोपोडॉलोजिया’ हे पुस्तक काढून ‘कायरोपॉडिस्ट’ हा शब्द रूढ केला. त्यातला बराच मजकूर लाफोरेस्टकडून उचललेला होता. लुईस डरलाकर (१७९२–१८६४) हा ब्रिटिश राजघराण्याचा पाय-वैद्य. त्याचा १८४५ चा ग्रंथ कुरूप, अंगठ्याच्या सांध्याची गाठ आणि नखांचे विकार यांवरचा पहिला खऱ्या अर्थाने गंभीर ग्रंथ मानला जातो. तळपायाची चामखीळ प्रथम त्यानेच वेगळी ओळखली. शल्यविशारद सबंध नख उपटत असताना या मंडळींचा भर नेमका टोचणारा काटा शोधून तेवढाच काढण्यावर असे.

यांच्यातील सर्वांत रंगतदार व्यक्ती म्हणजे इसाकार झकरी. इंग्लंडमधून अमेरिकेत आलेल्या या पाय-वैद्याने यादवी युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत अब्राहम लिंकनच्या पायांवर उपचार केले. लिंकनने त्याला प्रशस्तिपत्र दिले ते २२ सप्टेंबर १८६२ रोजी, म्हणजे ज्या दिवशी गुलामांच्या मुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा निघाला त्याच दिवशी. पुढे लिंकनने झकरीला न्यू ऑर्लिन्सला आणि नंतर शत्रूच्या राजधानीत, रिचमंडलाही, राजकीय चाचपणीसाठी धाडले. वृत्तपत्रांनी भरपूर टवाळी केली. ज्याच्या हातात रोज पाय असतो त्याच्यावर माणूस विश्वास टाकतो, हे लिंकनच्या विरोधकांना उमगले नसावे.

पुनरावृत्तीच्या कोड्याचे उत्तर याच जमातीने दिले. त्यासाठी वापरलेले रसायन फार जुने होते. १८३४ मध्ये रुंगे या जर्मन रसायनज्ञाने दगडी कोळशाच्या डांबरातून कार्बोलिक आम्ल, म्हणजे फिनॉल, वेगळे केले. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोत जोसेफ लिस्टरने गाडीखाली पाय मोडलेल्या जेम्स ग्रीनलीस या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर ते लावले आणि जंतुनाशक शल्यकर्माचे युग सुरू झाले. लिस्टन ईथर देत होता त्या वर्षी हा लिस्टर त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात विद्यार्थी होता. लिस्टरने फिनॉल जखम शुद्ध ठेवायला वापरले. १९४५ मध्ये ओटो बोल या अमेरिकन कायरोपॉडिस्टने त्याच्या दुसऱ्या गुणाचा उपयोग केला. तीव्र फिनॉल मांस जाळते, आणि त्याबरोबर मज्जातंतूंची टोकेही बधिर करते.

बोलची रीत थोडक्यात अशी. अंगठा बधिर करायचा, बुडाशी पट्टा आवळून रक्त थांबवायचे, नखाची केवळ रुतलेली अरुंद पट्टी उभी कापून काढायची, आणि तेथे उघड्या पडलेल्या मुळाच्या कोपऱ्यात तीव्र फिनॉल काही मिनिटे चोळायचे. सुरी जेथे पोहोचत नाही तेथे द्रव पोहोचतो. नख थोडे अरुंद होते, उरलेले तसेच राहते. टाके नाहीत. जखम काही आठवडे झिरपते खरी, पण दुखते कमी. पुढे झालेल्या तुलनात्मक चाचण्या एकत्र तपासल्यावर असे आढळले की नुसते नख काढण्यापेक्षा फिनॉलची जोड दिली तर दुखणे परतण्याचे प्रमाण बरेच घटते. वैद्यकातील मोठी नावे या विषयावर शतकभर सुऱ्या परजत होती, आणि उत्तर सापडले कुरूप कापणाऱ्यांच्या व्यावसायिक मासिकात.

तरीही ‘अपराधी कोण’ हा खटला संपला नव्हता. १९५९ मध्ये व्हँडेनबॉस आणि बॉवर्स या दोघांनी अमेरिकन सैन्याच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की नख निर्दोष आहे. चालताना शरीराचा भार पडून बाजूचे मांस वर फुगते आणि नखाच्या कडेवर येते. म्हणून नखाला हातही न लावता बाजूचे मांस भरपूर कापावे आणि जखम उघडी ठेवून भरू द्यावी. म्हणजे पारेने चारशे वर्षांपूर्वी केले तेच, फक्त कारणमीमांसेसह. १९८७ मध्ये ब्रिटनमधील काही डॉक्टरांनी रुतलेल्या नखांची मापे घेऊन ती निरोगी नखांशी ताडून पाहिली. दोहोंच्या आकारात काही लक्षणीय फरक आढळला नाही. द्युपुइत्रांच्या कात्रीखाली गेलेल्या नखांना हा निकाल फारच उशिरा मिळाला. आज दोन्ही पंथ नांदत आहेत. अरुंद पट्टी काढून फिनॉल लावणारे संख्येने अधिक, मांस कापणारे थोडे, पण त्यांचेही रुग्ण बरे होतात.

प्रतिबंधाविषयी मात्र आता फारसा वाद उरलेला नाही. पायाचे नख सरळ रेषेत कापावे, कोपरे गोल करीत आत शिरू नये, आणि नखाची कड बोटाच्या टोकाइतकी तरी राहू द्यावी. फार खोल कापले की बुटाच्या दाबाने टोकाचे मांस नखाच्या वाटेत येते. कोपरा ओढून तोडणे तर सर्वांत वाईट, कारण आत राहिलेला काटा दिसत नाही आणि महिनाभराने तोच मांसात शिरतो. बुटात बोटांना हलायला जागा हवी, मोजेही आवळणारे नसावेत. मधुमेह असणाऱ्याने किंवा पायातील रक्ताभिसरण मंद असणाऱ्याने घरी कात्री-ब्लेड घेऊन प्रयोग करू नयेत. त्यांच्या पायाला झालेली एवढीशी जखमही चिघळत जाऊ शकते.

एक जुनी समजूत मात्र चिवट आहे. नखाच्या पुढच्या कडेला मधोमध खाच पाडली की नख ती भरण्यासाठी मध्याकडे सरकते आणि कोपरे सुटतात, असे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. जुन्या काळी काचेच्या तुकड्याने नखाचा मध्यभाग खरवडून पातळ करीत, त्यामागेही असाच विचार होता. मध्य पातळ केल्याने नख थोडे लवचीक होते, एवढे म्हणता येईल. पण पुढची कड निर्जीव असते. तिला पाडलेली खाच मागे नखमुळाला कळवणार कोण?

दुखणे सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील, पू नसेल, तर आजचे डॉक्टर प्रथम शस्त्र काढत नाहीत. पाय दिवसातून दोन-तीन वेळा कोमट पाण्यात धरायला सांगतात, बाजूचे मांस चिकटपट्टीने नखापासून ओढून धरतात, किंवा उभी चीर दिलेली बारीक प्लॅस्टिकची नळी नखाच्या कडेवर पन्हळीसारखी चढवतात, म्हणजे धार मांसाला लागत नाही. आणि पुष्कळदा नखाच्या कोपऱ्याखाली कापसाची चिमूटभर वात सारून देतात, रोज बदलायला सांगतात. पादुआच्या फाब्रिचिउसने सुताची वात सारली होती, त्याच जागी.